टेस्टनंतरचे दोन टाके

"टेस्ट झाली. आता हात लावायचा न्हाई."

एवढं म्हणून मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि बोयाभोवती एक सावकाश फेरी मारायचे. ती फेरी तुम्ही पाहायला हवी होती. त्या वेळी शॉपमधल्या कुणीही त्या लोखंडाला बोट लावायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. एकदा मालकांचे व्याही कारखाना बघायला आले आणि त्यांनी कौतुकाने बोयाच्या पत्र्यावर थाप मारली. मालक शेजारीच उभे होते. तरी मिस्त्री म्हणाले, "पावनं, लांबनं बगा." मालक हसले, व्याही मात्र हसले नाहीत.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत समुद्रातले बोये बनतात, हे सांगलीतल्या माणसालाही पटत नाही. मला स्वतःला तिथे नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं की मुलाखतीत आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. आमचं समुद्राशी नातं म्हणजे पावसाळ्यात कृष्णा किती फूट वाढली ते विचारायचं, एवढंच. पण मालकांनी कधीतरी एका बंदराचं टेंडर भरलं, ते मिळालं आणि तेव्हापासून दरवर्षी चार-सहा बोये आमच्या शेडमधून ट्रेलरवर चढून कोकणात उतरत. बोया म्हणजे पोकळ लोखंडी पिंप, दोन माणसं उभी राहतील एवढं. वर छोटा मनोरा, मनोऱ्यावर दिवा. समुद्राच्या तळाशी साखळीने बांधून ठेवायचा, म्हणजे जहाजाला खोल पाण्याची वाट कळते. मी डिप्लोमावाला, ऑफिसात ड्रॉइंग आणि पत्रव्यवहार बघायचो. मिस्त्री मला 'इंजनेर' म्हणत. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पोकळ वस्तूत पाणी शिरलं की ती बुडते. म्हणून सगळं वेल्डिंग झालं की बोयात हवा भरायची, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. हीच ती टेस्ट. मिस्त्री त्यासाठी चष्मा पुसून, गुडघे टेकून, जोडाला नाक लावून बसत. बुडबुडा निघाला तर तेवढा जोड खरवडून पुन्हा करत. नाही निघाला तर वर सांगितलेली फेरी. टेस्टनंतर पत्र्याला पुन्हा उष्णता लागली तर आधीचा चांगला जोडही बारीक उघडू शकतो, म्हणून ती हात न लावण्याची सक्ती होती. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि नंतर जवळजवळ रोज.

त्यांचं गाव मेढ्याच्या बाजूला, डोंगरात. दोन मुलगे, दोघेही फौजेत. मुलगी नव्हती. "आमच्या मंडळींना लेकीची लय हौस हुती," असं ते एकदा सहज बोलून गेले. बोया रंगून तयार झाला, ट्रेलर शेडच्या दारात लागला की मिस्त्री पिशवीतून खण आणि नारळ काढत. खण त्यांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, मेढ्याच्या बाजारातून आणलेला असे. दिव्याच्या बॅटरीच्या पेटीला एक लोखंडी कडी असायची, तिला तो खण बांधायचा आणि नारळ तिथेच ठेवायचा. बोयाची ओटी भरून पाठवणी! बंदरावर पोचल्यावर ड्रायव्हर खण सोडून ठेवायचा आणि नारळ स्वतः खायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवून हसलो. चौथ्या-पाचव्या वेळी कडीला गाठ मारायला मीच मदत करत होतो.

समुद्रातल्या दिव्यांची आणि बोयांची बदलपत्रकं दर पंधरवड्याला निघतात. कुठला दिवा बंद आहे, कुठला बोया जागेवरून हलला, कुठला कायमचा काढला, हे खलाशांना कळावं म्हणून. मी ती कंप्युटरवर बघायचो आणि दहाच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवायचो. मिस्त्रींना आपल्या बोयांचे नंबर पाठ होते.

"आपल्यातलं कोन हाय का?"

"सात नंबर जागेवर नाही म्हणतात."

लगेच कुणीतरी ओरडायचं, "मिस्त्री, लेक रुसून निघाली माहेराला! अंथरूण टाका."

"साखळी तुटली आसंल," मिस्त्री शांतपणे म्हणत. "साखळी आपली न्हवं."

पुढे पत्रकात नवीनच प्रकार यायला लागला. काही ठिकाणी खरा बोया काढून टाकतात आणि जहाजाच्या पडद्यावर नुसती खूण उमटवतात. पाण्यात काही नाही, पडद्यावर आहे. मी हे समजावून सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजी लेक न्हाईच. निस्ता फोटू."

"असंच काहीसं."

"आन् पडदा बंद पडला मंग?"

मी पत्रकातली पुढची ओळ वाचायला घेतली.

ते स्वतः कधी बंदरावर गेले नाहीत. ट्रेलरवाले दरवेळी बोलवायचे, "चला मिस्त्री, समुद्र बघून या." ते म्हणत, "लेकीच्या सासरी बापानं उगं जाऊ न्हाई." आम्ही हसायचो. पण ते विनोद करत नव्हते, हे मला पुढे कळलं.

एका वर्षी बंदराकडून नवीन ड्रॉइंग आलं. दिवे बदलले होते. जुना मोठा दिवा आणि त्याची बॅटरीची पेटी जाऊन एक छोटासा बंद दिवा आला. सोलर, बॅटरी, सगळं त्याच्या पोटात. बोयाची शेंडी आटोपशीर झाली. मालक खूश, मी खूश, काम कमी. पहिला बोया तयार झाला, टेस्ट झाली, मिस्त्रींची फेरी झाली, लाल रंग झाला. ट्रेलर दारात आला. मिस्त्री खण घेऊन वर चढले आणि बघतात तर पेटीच नाही, त्यामुळे कडीही नाही. उचलायचे कान होते, पण त्यांत क्रेनच्या साखळ्या अडकवलेल्या.

"ओटी कुटं बांदू, इंजनेर?"

मी खालून म्हणालो, "राहू दे आता. ड्रायव्हर खोळंबलाय."

ते खाली उतरले, भंगारातून बोटाएवढी कडी शोधली आणि वरच्या पत्र्यावर वेल्डिंगचे दोन टाके मारून ती बसवली. रंगाचा डबा मागवून तेवढा भाग पुन्हा लाल केला, खण बांधला. बोया गेला. मी तिथेच उभा होतो. खरं सांगायचं तर टेस्ट आधीच झालीय, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

सव्वा वर्षाने पत्रकात आमचा नंबर आला. दिवा बंद, बोया कलून अर्धा बुडालेला. त्याच आठवड्यात बंदराचं पत्र आलं: बोया वर काढला, आत पाणी निघालं, खुलासा करावा. दिवा दिसला नाही म्हणून मासेमारीची एक होडी वाळूत रुतली होती.

"मानसं?" मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला.

"सगळी सुखरूप. भरतीला होडीही सुटली."

मग ते खाली बसले. बंदराच्या साहेबांनी मोबाइलवर फोटो पाठवले होते. ते मी मोठे करून दाखवत होतो. शिंपल्यांनी भरलेला पत्रा, गंजलेले ओघळ. एक ओघळ जोडावरून सुरू होऊन खाली गेला होता, आणि त्याच्या अगदी वरच्या टोकाला ती कडी होती. मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझं टाकं हायत ते," ते म्हणाले.

मालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, समुद्रात हजार कारणं असतात, साखळीचा मार बसला असेल, तसं लिहा. मी तसं लिहिलं. भाषा चांगली जमली होती. मिस्त्रींनी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, म्हणून दाखवलं.

"इंजनेर, ती साखळी कुनी बनवली?"

"दुसऱ्या कुणीतरी."

"त्याच्या घरी बी कुनी वाचून दावत आसंल. त्याला काय वाटंल?"

मी कागद फाडला. मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. दुसऱ्या पत्रात मी खरं लिहिलं: टेस्टनंतर पत्र्यावर वेल्डिंग झालं, ही आमची चूक, दुरुस्ती आम्ही येऊन करू. मालकांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

आंबा घाट उतरून आम्ही दोघे गेलो. समुद्र दिसला तेव्हा मिस्त्री डुलकी घेत होते. मी उठवलं, त्यांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "यार्ड किती लांब हाय?" यार्डात आमचा बोया आडवा पडला होता. बंदराचे साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला. मिस्त्रींनी हात जोडले. पाणी पुढे केलं, तेही नाही. सोबत कुपवाडहून भरून आणलेली पाण्याची बाटली होती, तिच्यातलेच घोट घेत ते भर उन्हात काम करत राहिले. साहेबांना वाटलं, हा माणूस रागावलाय.

"अहो, निदान पाणी तरी घ्या."

"न्हाई सायेब. तुमचा राग न्हाई. लेकीच्या घरचं पानी चालत न्हाई आमाला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. मग साहेब तिथेच एका साखळीवर बसून काम बघू लागले.

मिस्त्रींनी कडीसकट पत्र्याचा तुकडा कापून काढला, नवीन पत्रा बसवला, जोड केला. हवा भरली, साबण लावला. एकही बुडबुडा नाही. जोड इतका देखणा होता की साहेब वाकून बघत राहिले. मी फेरीची वाट बघत होतो. मिस्त्री म्हणाले, "आनी एकदा." पुन्हा साबण, पुन्हा काही नाही. "आनी एकदा." चौथ्यांदा साहेबांनीच त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. मिस्त्रींनी हात पाठीमागे नेले नाहीत. ते दोन्ही हात तसेच पुढे धरून उभे होते, ठेवायचे कुठे ते न कळल्यासारखे.

पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. मालकांनी समजावलं, मी समजावलं, शॉपमधल्या पोरांनी गळ घातली. चूक तर सगळ्यांकडून होते, एवढ्या वर्षांत एक.

"डोळं चांगलं हायत," ते म्हणाले, "हातबी चांगला हाय. पर आता टेस्ट झाली म्हनलं तरी मला खरं वाटत न्हाई."

आम्ही त्यांना शाल दिली, फोटो काढला. ते मेढ्याच्या गाडीत बसून गेले.

बोया पुन्हा जागेवर नेला, दिवा लागला, ते पत्रक मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाले आणि आमच्याकडे पाऊस कसा आहे ते विचारलं. बोयांविषयी त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आता आमच्याकडेही बोये होत नाहीत. बंदरं प्लास्टिकचे घेतात, आणि शॉपमध्ये ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनतात. त्या चांगल्या होतात. पण दहाच्या चहाला कुणी काही वाचत नाही, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये असतात.

मागच्या वर्षी मिस्त्री गेल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या गावी गेलो. माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला वेल्डर त्या घरात राहत होता. घराच्या लोखंडी फाटकाची वरची बिजागरी तुटलेली होती आणि फाटक तारेने खांबाला बांधलेलं होतं. तार सोडल्याशिवाय आत जाता येईना. मी खटपट करतोय हे बघून वहिनी बाहेर आल्या.

"दीड वरीस झालं तुटून," त्या म्हणाल्या. "मेढ्यातल्या मानसाला बोलवू दिलं न्हाई. म्हनायचं, माझ्या दाराला दुसऱ्याचा जोड नगं. म्या म्हनलं, मग तुमी करा. तर गप बसायचं."

चहा झाला. फौजेतल्या मुलांच्या गोष्टी झाल्या. उठताना मी म्हणालो, "वहिनी, कारखान्यातून माणूस पाठवतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

त्या फाटकाकडे बघत राहिल्या.

"नगं," त्या म्हणाल्या. "तार त्येंनी बांदलीया."

मी बाहेर आलो, फाटक ओढून घेतलं आणि तार होती तशी पिळायला लागलो. तीनदा करून पाहिलं, पण फाटक सैलच राहायचं. शेवटी वहिनींनी आतून हात घालून ती माझ्याकडून घेतली आणि स्वतःच बांधली.