वर्षभर फक्त डावा हात

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर गोव्याचे एक सर राहायचे. आधी मुंबईतले क्लब, मग बहारीन आणि शेवटी इथल्या एका हॉटेलची लॉबी, अशी चाळीस वर्षं ते पियानोवर ब्लूज आणि बूगी-वूगी, असं जुनं ठेकेबाज अमेरिकी संगीत वाजवत आले होते. मी अकरावीत असताना आईने मला त्यांच्याकडे शिकायला पाठवलं.

त्याआधी मी पेटी शिकले होते. पेटीत उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता मारतो. पहिल्या दिवशी पियानोसमोर माझा डावा हात आपोआप हवेत भाता मारायला लागला. सर हसले नाहीत, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले.

बूगीत डावा हातच घर चालवतो, असं सांगून त्यांनी वर्षभर मला तोच दिला. तीच आठ सुरांची धावती चाल, पुन्हा पुन्हा. आई विचारायची, गाणं कधी वाजवणार? मला मात्र ते बरं वाटायचं. डाव्या हाताकडे कोणी बघत नाही.

पुढच्या वर्षी सरांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. ते वाढवायचं की नाही, हे हॉटेलचा नवा मॅनेजर शुक्रवारी दुपारी ऐकून ठरवणार होता. नोकरी गेली की व्हिसा जातो, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. आणि गुरुवारी सरांचं डावं मनगट सुजलं. डाव्या हाताचं मी वाजवावं, असा त्यांनी आईकडे निरोप दिला; मी नाही म्हटलं. मग ते स्वतः जिना चढून आले.

"बाय, लोकांकडे पाठ करून बसू. तुझं तोंड कोणाला दिसायचं नाही."

शुक्रवारी हॉटेलच्या लॉबीत पियानोसमोर एका बाकावर दोघं बसलो. सुरुवातीला मी घाई केली, तेव्हा ते कोपराने हळूच ढोसत राहिले. नंतर मला फक्त त्यांचा उजवा हात ऐकू येत होता.

मॅनेजरने येऊन विचारलं, ही कोण? सरांनी सुजलेलं मनगट पुढे केलं आणि म्हणाले, "सध्या माझा डावा हात."

त्याने मला विचारलं, किती दिवस येशील? मी सरांकडे बघितलं. ते माझ्या वतीने बोलले नाहीत.

"एव्हरी फ्रायडे," शेवटी मीच म्हणाले.

कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढलं. सहा शुक्रवार मी गेले. सातव्या शुक्रवारी सरांनी मनगट गोल फिरवून दाखवलं आणि मला लॉबीत ऐकायला बसवून चहा मागवला. मी जराशी हिरमुसलेच, पण चहा चांगला होता.