माझी बुटकी मोटरसायकल आणि तिचा मालक

आमची सोसायटी मांजरीत आहे. जाहिरातीत ती निसर्गाच्या कुशीत होती. प्रत्यक्षात तिच्या तीन बाजूंना ऊस आहे आणि चौथ्या बाजूला बिल्डरने न केलेला रस्ता. किल्ल्या हातात देताना त्याने सांगितलं होतं, मोठ्या रस्त्यापर्यंतचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. तो महिना अजून उजाडलेला नाही. दरम्यान बिल्डरने दुसऱ्या दोन सोसायट्या बांधल्या. तिथलेही लोक आता आमच्याच चिखलातून जातात, तेवढीच सोबत.

मी माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. शेतकऱ्यांकडे जायचं, शेतातून मातीचे नमुने घ्यायचे, पिशव्यांवर खुणा करायच्या आणि त्या घेऊन परत यायचं. बरीच वर्षं हे काम मी स्कूटरवर केलं. स्कूटर ही गाडी सरळ रस्त्यासाठी आणि भाजीसाठी असते. एकदा पावसाळ्यात कालव्याच्या कडेने जाताना तिचं पुढचं चाक चिखलात असं बसलं की ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याने दोर सोडता सोडता स्कूटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ह्या गाडीचं ह्ये काम न्हाय." माझ्या नोकरीत मला मिळालेला हा सर्वांत नेमका सल्ला. मी उंच, बारीक, मोठ्या चाकांची, खड्ड्यांतून चालणारी हलकी मोटरसायकल घ्यायची ठरवली.

शोरूममध्ये नवऱ्याला बरोबर नेलं, ही चूक म्हणता येणार नाही, कारण नेलं नसतं तर विक्रेता माझ्याशी बोललाच नसता. नेल्यावरही तो माझ्याशी बोलला नाही. माझा नवरा हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. नागपूरला कॉलेजात असताना तो एका मित्राच्या मोटरसायकलवरून पडला. त्यानंतर त्याने कुठल्याही हँडलला हात लावलेला नाही. विक्रेत्याने त्याला विचारलं, "सर, डोंगरातल्या ट्रेलवर वगैरे जाता का?"

"कधीकधी," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माहितीपत्रक वाचत होता.

गाडीवर बसून पाहिली तर पायांचे फक्त अंगठे टेकले. विक्रेत्याने आता मात्र माझी दखल घेतली. "मॅडमसाठी स्कूटर दाखवू का? या वर्षी नवीन रंग आलेत." मी म्हटलं, हीच हवी, आणि रंग कुठलाही चालेल, कारण तो चिखलाखाली दिसणार नाही.

गाडी घरी आली आणि माझ्या लक्षात आलं की पुण्यात ही गाडी बदलून द्यायला वाट्टेल तेवढे लोक तयार आहेत. फक्त त्या सगळ्यांना ती आणखी उंच करायची असते. हँडल वर, दिवे वर, पुढे जाळी, मागे पेट्या. एवढं सगळं लावून मंडळी डेक्कनला कॉफी प्यायला जातात. हडपसरच्या गॅरेजमध्ये मी म्हटलं, गाडी खाली करायची आहे. गॅरेजवाल्याला वाटलं मी स्टँडवरून खाली म्हणतेय. समजल्यावर त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, उंची हीच या गाडीची शान आहे."

"शान तुमच्याकडे राहू द्या. मला पाय टेकवून द्या."

त्याने पाय टेकवून दिले, पण दुःखाने. आधी गादीतला फोम तासला. मग मागच्या शॉकअपच्या खालची पट्टी बदलून गाडी मागून बसवली, आणि पुढच्या शॉकअपचे नळे त्यांना धरणाऱ्या चिमट्यांतून वर सरकवून पुढूनही तेवढीच उतरवली. मी बसले तर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले. मी खूश होऊन घरी आले, पार्किंगमध्ये गाडी साइड स्टँडवर लावली, आणि सकाळी पाहते तर ती उजवीकडे आडवी झालेली. सोसायटीचे अध्यक्ष शेजारी उभे राहून तिचं निरीक्षण करत होते.

"झेपत नसेल तर सांगत जा, मॅडम. वॉचमन लावत जाईल गाडी."

झेपण्याचा प्रश्न नव्हता. गाडी उतरली होती आणि स्टँड होता तेवढाच लांब राहिला होता, त्यामुळे ती कलायच्या ऐवजी ताठ उभी राहायची आणि वाऱ्याने पलीकडे पडायची. अध्यक्षांना हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी गॅरेजमध्ये जाऊन स्टँडचा एक तुकडा कापून काढला आणि उरलेला स्टँड पुन्हा जोडून घेतला. मग मागे एक लोखंडी कॅरिअर बसवलं, त्यावर मातीच्या पिशव्यांचा क्रेट. साडी चाकात अडकू नये म्हणून असलेली जाळी लोक काढून टाकतात, ती मी ठेवली, कारण तिला पिशव्या बांधता येतात. पुढच्या उंच मडगार्डखालून चिखल थेट चेहऱ्यावर उडायचा, म्हणून त्याखाली रबराचा पडदा लावला. गाडी दिसायला भयंकर झाली. चालायला उत्तम.

हे सगळं मी रोज रात्री जेवताना नवऱ्याला सांगायचे. कुठे मागचं चाक घसरलं, उसाच्या सरीतून गाडी कशी वळवली, ओल्या काळ्या मातीत ब्रेक का लावायचा नाही. तो समोर फोन ठेवून जेवायचा आणि मधूनमधून "हं" म्हणायचा. मला वाटायचं, भिंतीशी बोलतेय. भिंत निदान फोनकडे बघत नाही. सकाळी मी त्याला कंपनीच्या बसपर्यंत सोडायचे, तेव्हा तो बसथांब्याच्या अलीकडे औषधाच्या दुकानाशी उतरायचा. बायकोच्या मागे बसून आलेलं ऑफिसातल्यांना दिसू नये म्हणून. पावसात उरलेलं अंतर तो बूट पिशवीत घालून चालायचा आणि बसमध्ये मानाने चढायचा.

असं एखादं वर्ष गेलं असेल. एक दिवस मी पेट्रोल पंपावर रांगेत होते. मागे तसलीच गाडी घेऊन एक पोरगेला माणूस उभा होता. तो माझ्या गाडीकडे, तिच्या कापलेल्या स्टँडकडे, रबराच्या पडद्याकडे बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "ही सरांची गाडी ना?"

"कुठल्या सरांची?"

त्याने उत्साहाने फोन काढला. या गाड्यांच्या मालकांचा एक ग्रुप होता. त्यात माझ्या गाडीचे फोटो होते. कालव्यावरचे, उसातले, चिखलाने माखलेले. मीच नवऱ्याला दाखवायला काढलेले. आणि खाली मजकूर. "आज मांजरीच्या पुढे मागचं चाक घसरलं. घाबरून एकदम क्लच दाबू नये. मी गाडी तिच्या मनाने जाऊ दिली." खाली तीसेक लोकांनी अंगठे दाखवलेले. उंची कमी करण्यावर सविस्तर मार्गदर्शन होतं. स्टँडच्या तुकड्याची गोष्ट होती, अध्यक्षांसकट.

"सर फार अनुभवी आहेत," तो माणूस म्हणाला. "तुम्ही त्यांच्या मिसेस का?"

"हो."

"नशीबवान आहात."

मी पेट्रोल भरलं आणि घरी आले. नवरा आल्यावर त्याला एवढंच विचारलं, "सर, टायरमध्ये हवा किती ठेवता?"

त्याने आधी उत्तर दिलं. बरोबर दिलं. मग त्याला कळलं.

"मी खोटं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "घटना सगळ्या खऱ्या आहेत. कर्ता तेवढा बदलला."

हिंजवडीत पगार कशाचा देतात हे मला तेव्हा समजलं.

मी त्याला बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.  शेवटी तो म्हणाला, "या रविवारी त्या लोकांनी खडकवासल्याला बोलावलंय. आतापर्यंत पाठदुखी सांगितली, ऑफिस सांगितलं, तुझ्या आईचं आजारपण सांगितलं. आता ते म्हणतायत, सर येत नसतील तर आपणच सरांकडे जाऊ." माझी आई वर्ध्याला ठणठणीत आहे. "मला सोडशील का तिथे?"

"सोडते," मी म्हटलं. "पण अलीकडे उतरायचं नाही."

रविवारी खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला एका भजीच्या टपरीपाशी मंडळी जमली होती. ऊन चांगलंच होतं, तरी सगळे जाड जाकिटं, गुडघ्यांना कवच, पाठीवर पाण्याची नळीवाली पिशवी अशा थाटात. वाळवंट ओलांडायला निघालेले लोक भजी खात उभे होते. त्यांच्या गाड्यांचे टायर इतके स्वच्छ होते की त्यांवरचे नव्या रबराचे केससुद्धा अजून गेले नव्हते. आम्ही पोचलो. मी पुढे, हा मागे. कुणाच्याही मनात काही आलं नाही. एक जण म्हणाला, "वा, सर, आज वहिनींना चालवायला दिली वाटतं."

सर हसले. मी हेल्मेट काढून बाजूला उभी राहिले.

मग प्रश्न सुरू झाले आणि मी ऐकत राहिले. गादी किती तासावी, शॉकअप बसवल्यावर पुढचे नळे सरकवले नाहीत तर काय होतं, भरलेला क्रेट मागे असताना चढ कसा घ्यावा. नवरा एकेकाला उत्तर देत होता. चुकत नव्हता. काळ्या मातीबद्दल त्याने सांगितलं ते माझं वाक्य होतं, माझ्याच शब्दांत. मी ते कधी बोलले हे मलाही आठवत नव्हतं. कुठल्या शेताच्या बांधावर मी दगडाला आपटले होते तेही त्याला ठाऊक होतं. त्या सगळ्या "हं"च्या आत हे साठत होतं तर. मला राग चालू ठेवायचा होता. तो ठेवणं जरा अवघड गेलं.

टपरीमागून एक उतार धरणाच्या पाण्याकडे जात होता. मुरूम, दगड, मध्ये एक चर. ग्रुप चालवणारा माणूस, जो सर्वांत जास्त कवच घालून आला होता, म्हणाला, "सर, तुम्ही खाली जाऊन या. आम्ही व्हिडिओ काढतो. सगळ्यांना शिकायला मिळेल."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी उताराकडे पाहत होते. पाठदुखी आता निघणार, असं मला वाटलं.

"गाडी हिची आहे," तो म्हणाला. "मला मोटरसायकल चालवता येत नाही. ग्रुपवर मी लिहिलं ते सगळं हिचं आहे. ही घरी सांगते, मी लिहितो."

 एक जण "सर पण ना" म्हणत हसला आणि बाकीचे हसले नाहीत म्हणून थांबला. पंपावरचा तो माणूसही तिथे होता. तो हातातल्या भज्यांकडे बघत राहिला. मला नवऱ्याची दया यायला लागली. ती वाढण्याआधी मी हेल्मेट घातलं, गाडी उतारावरून पाण्यापर्यंत नेली, वळवून परत आले. फार काही नव्हतं. आमच्या सोसायटीचा रस्ता याहून वाईट आहे.

मी वर आले तेव्हा ग्रुपवाला नवऱ्याकडे वळला होता. "सर, वहिनींना सवय दिसतेय. चरात पाय खाली सोडतात का त्या?"

"त्या इथेच उभ्या आहेत," नवरा म्हणाला.

ग्रुपवाल्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि तोच प्रश्न पुन्हा त्यालाच विचारला.

परत येताना सिंहगड रस्त्याच्या गर्दीत नवरा मागून म्हणाला, "मी सगळ्यांसमोर सांगायला नको होतं का?"

"तू कुणासाठी सांगितलंस?"

 स्वारगेट गेल्यावर तो म्हणाला, "तू खाली गेलीस ना, तेव्हा मला भीती वाटली. लिहिताना कधी वाटत नाही."

दोन-तीन दिवसांत त्याला ग्रुपमधून काढलं. कारण दिलं, ग्रुप फक्त मालकांसाठी आहे. कागदोपत्री मालकीण मी असल्यामुळे मला आमंत्रण आलं, सोबत फुलांचं चित्र. आत मला 'लेडी रायडर' म्हणून विशेष स्थान देणार होते. मला कुठल्याही विशेष स्थानात बसायचं नव्हतं, म्हणून मी ते पुसून टाकलं. नवऱ्याला मात्र लागलं. वर्षभर रोज कुणीतरी त्याला सर म्हणत होतं. ऑफिसात त्याला कुणी कसलाच सल्ला विचारत नाही. काही दिवस तो संध्याकाळी खिडकीशी उभा राहायचा. मी त्याला हसायचं बंद केलं. पूर्ण नाही.

मग एका शनिवारी एक बाई आमच्या दारात आली. माझ्याहून वयाने लहान, माझ्याएवढीच बुटकी. त्या पंपावरच्या माणसाची बायको. तो खाली पार्किंगमध्येच थांबला होता, वर यायला संकोचत होता. ती वाघोलीच्या पुढे एका शाळेत शिकवते आणि तिच्या रस्त्याचं वर्णन ऐकून आमचा बिल्डर मला सज्जन वाटायला लागला. "त्यांची गाडी घरात उभीच असते," ती म्हणाली. "म्हटलं, मीच न्यावी. पण पाय पोचत नाहीत."

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने खुर्ची ओढली. "असं आहे, तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली म्हणजे—"

"आधी तिला बसू दे माझ्या गाडीवर," मी म्हटलं.

आम्ही खाली गेलो. ती गाडीवर बसली. तळवे टेकले तसं तिने खाली पाहिलं, पाय उचलून पुन्हा टेकवून पाहिले. मग कालव्यापर्यंत एक चक्कर मारून आली. ओढणीवर चिखल उडाला होता. गाडीचं कौतुक वगैरे तिने काही केलं नाही. तिचा नवरा तिच्या हातून किल्ली घ्यायला पुढे आला, ती तिने दिली नाही, माझ्याकडे वळून विचारलं, "गादी कुठे तासून मिळते?"

माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं.

"तू चहा टाक," मी म्हटलं. "मी सांगते."

तो वर गेला. त्या दिवशी आम्ही बराच वेळ खाली बोलत होतो, स्टँडच्या तुकड्यापर्यंत सगळं. चहा आला तेव्हा निवला होता आणि साखर जास्त होती. तिने तो पूर्ण प्यायला, मी नाही.