सोमवारची भाकरी

क्रांती चौकाजवळ माझं मॅचिंग सेंटर आहे. ते मी एकटीनं उभं केलं आणि भावात मला कुणी वाकवलेलं नाही. त्यामुळं डॉक्टरीणबाईंनी "मूल हवं तर आधी तीन महिने शरीराची तयारी" असं सांगितलं, तेव्हा सवयीनं मी म्हणून गेले, "एका महिन्यात नाही का व्हायचं?"

"हा ब्लाउजपीस नाही," त्या म्हणाल्या. माझ्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. "हिमोग्लोबिन फार कमी आहे. खाता काय तुम्ही?"

मी जरा तोऱ्यातच सांगितलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. सहा वर्षं मुलासाठी धरलेले उपवास. त्या दिवशी मूठभर शाबुदाणा आणि दुकानात चहावर चहा.

त्यांनी पेन खाली ठेवला. "ज्याच्यासाठी उपाशी राहता, त्याला लागणारं रक्तच अंगात नाही. उपवास बंद. फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून. लोहाची गोळी चहाबरोबर नाही. थायरॉइड तपासून घ्या." मग शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडं वळल्या. "तुमची तंबाखू बंद."

"माझा काय संबंध?" हे म्हणाले.

तो राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही. उपाशी मी, वेरूळच्या देवळात रांगेत उभी मी, नातेवाइकांच्या बारशाला मागं बसलेली मी. ह्यांना सहा वर्षांत एक पुडीसुद्धा कुणी सोडायला लावली नव्हती.

रिक्षात हे म्हणाले, "दिवसाला दोन पुड्यांवर येतो."

"एकही नाही."

"एक तरी?"

घरी पोचलो तर सासूबाई दारातच होत्या. मूळच्या कन्नड तालुक्यातल्या, सोमवार त्यांनीच मला धरायला लावलेले. उपवास बंद करायला सांगितलंय म्हटल्यावर म्हणाल्या,

"सोमवार मोडायचा नाय बाई. लई वर्सं धरलास."

"आत्याबाई, आता तुमच्या लेकानं धरावा. तंबाखूचा."

त्या लेकाकडं बघत राहिल्या. "सोमवारच का? रोजचाच धर की रे."

दुकानात वरच्या फळीवर पिवळ्या मलमलीचा एक तुकडा आहे. लग्नाच्या वर्षी झबल्यासाठी बाजूला काढला होता. गिऱ्हाइकं मागतात, मी दुसरा रंग दाखवते. दिवाळीच्या साफसफाईत तेवढा खाली काढते, नाकाशी धरते आणि परत ठेवते.

पहिल्या सोमवारी सासूबाईंनी डबा दिला. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. दुपारी गल्ल्यामागं बसून तो उघडला, पण घास उचलवेना. सहा वर्षं देवापुढं जे मांडलं, ते आपणच उधळतोय असं वाटलं. सासूबाईंना फोन केला.

"जेवलीस का?"

"भ्या वाटतंय, आत्याबाई."

"जेव तू. तुझ्या वाटचा सोमवार मी धरलाय."

मी भाकरी मोडली. आज दहावा सोमवार. ह्यांच्या खिशात पुडी दिसत नाही, तरी मी रोज तपासते. डबा रिकामा झाला की नजर वरच्या फळीकडं जातेच.