पडवीतून दिसणारा फळा

धर्मा मिस्त्री आधी भिंतीशी बोलायचे, मग माणसाशी. दासगावकडच्या आमच्या जुन्या शाळेत ते पहिल्यांदा आले तेव्हा मी, शाळेची मुख्याध्यापिका, चहाचा कप घेऊन दारात उभी, आणि हे गृहस्थ बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत वर्गभर फिरताहेत. पुराचं पाणी उतरून वर्ष झालं तरी त्या काळ्या दगडाच्या भिंतींतली ओल हटत नव्हती. इमारत पाडायची भाषा सुरू झाली होती. मिस्त्रींनी निदान एका वाक्यात केलं. "बाई, भित आजारी नाय, तिच्यावरचं शिमिट आजारी हाय."

मग चार महिने त्यांनी सिमेंटचा गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा चढवला. सत्तरी उलटलेली, तरी शिडीवर दुसऱ्या कोणाला चढू देत नसत. मी घाई केली की म्हणत, "चुना नि जावय, दोघांचा मान ठेवावा लागतो." मला दोन जावई असल्याने हे लगेच पटायचं.

भिंती सुकल्या, शाळा वाचली. राहिली मागची पडवी. ती पाडून तिथे संगणकाची खोली काढायचा ठराव समितीने केला होता, आणि तो लिहिला होता मीच. मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. पडवी पाडायची असेल तर दुसरा माणूस बघा, म्हणाले. मी चिडले. चार खांब आणि मूठभर कौलं, त्यात जपण्यासारखं काय आहे, असं सुनावलंही.

"बाई, जरा हितं खाली बसा. खिडकीतनं फळा बघा."

बसले. गजांमधून फळ्याची डावी बाजू दिसली. उजवी भिंतीआड. मान कितीही वाकवली तरी तेवढाच.

"माझा बा चार वरसं हितं बसला. आमच्या मानसांना आत घेत नव्हते. अर्ध्या फळ्यावर चौथी पास झाला तो. ही पडवी पाडलीत तर पोरांना वाटंल, शाळा पयल्यापासनं सगळ्यांची होती."

पंचवीस वर्षं त्या वर्गात शिकवलं, पण पडवीत मी कधी टेकले नव्हते. लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घ्या म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, भावनेवर शाळा चालत नाही. मी बैठकच उठवून पडवीत नेली आणि एकेकाला खिडकीपाशी बसवलं. कोणाचे गुडघे कुरकुरले, कोणाची इस्त्री मोडली. अध्यक्ष सगळ्यांत जास्त वेळ बसून राहिले. संगणक शेवटी वरच्या माळ्यावर गेले.

धर्मा मिस्त्री गेल्या वर्षी वारले. मीही निवृत्त झाले. पण शाळेत नवे शिक्षक रुजू झाले की मी अजून जाते. त्यांना पडवीत बसवते, आत जाऊन फळाभर एक वाक्य लिहिते आणि वाचायला सांगते. आजवर एकालाही ते पुरतं वाचता आलेलं नाही.