निर्मलाताई आणि दुसरी खुर्ची

निर्मलाताई कर्णिक यांच्याशी माझा पहिला परिचय झाला तो त्यांनी मला परत पाठवले तेव्हा. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये, हे मलाही कळते. संपादकांनी हवे तर हे वाक्य काढून टाकावे. पण घडले ते असेच, आणि साखर घातलेली हकिकत ताईंना चालत नाही.

माझे पती प्रकाश गेले त्याच्या पुढच्या वर्षातली ही गोष्ट. दादरची भाड्याची खोली सोडून आम्ही दोघे सुकापूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि शेजारीपाजारी ओळखी व्हायच्या आतच ते गेले. मूलबाळ नाही. भाऊ इंदूरला. मी जन्मभर एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते, इतरांची बोलणी जुळवून द्यायची हेच काम. आता घरचा फोन वाजला की पलीकडे बँकेतले एक गोड आवाजाचे गृहस्थ असायचे. प्रकाशच्या फंडाची रक्कम माझ्या बचत खात्यात पडून होती आणि ती त्यांना बघवत नव्हती. "मॅडम, तुमचा पैसा झोपलाय," असे ते दर दोन दिवसांनी सांगत. पैसा झोपला होता खरा, पण माझी झोप उडाली होती. आणि खरे सांगायचे तर त्या गृहस्थांचा फोन आला नाही की दिवस आणखी लांबायचा.

कुणीतरी ताईंचे नाव सांगितले. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई नवीन पनवेलमध्ये दर रविवारी सकाळी आपल्या सोसायटीच्या ऑफिसात बसतात, नवख्या माणसांना गुंतवणुकीतले समजावून सांगतात, फी घेत नाहीत आणि काही विकतही नाहीत. मी गेले. टेबलापलीकडे ताई होत्या, अलीकडे दोन खुर्च्या. मी एका खुर्चीत बसले आणि दुसरीवर पिशवी ठेवली. ताईंनी पिशवीकडे पाहिले.

"बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग पुढच्या रविवारी या. कुणाला तरी घेऊन."

मी म्हटले, "अहो, मला कोणी नाही." हे वाक्य मी तोवर मोठ्याने कधी उच्चारले नव्हते. ताईंनी चष्मा काढला. त्या शांतपणे म्हणाल्या, "घरचंच माणूस पाहिजे असं नाही. ज्याला दोन कान आहेत ते कोणीही चालेल. पैशाचा निर्णय एकट्यानं घ्यायचा नसतो, बाई. एकटं माणूस फार लवकर 'हो' म्हणतं."

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना बरेच काही सुनावले. रविवारची सकाळ, रिक्षाचे भाडे, आणि वर हा अपमान. पण शेवटचे वाक्य जाता जाईना, कारण त्या गोड आवाजाच्या गृहस्थांना मी जवळजवळ 'हो' म्हणून बसले होते.

माणूस आणायचे कुठून? पूर्ण इमारतीत माझे बोलणे होते ते एका बाईंशी, आणि तेही भांडणाचे. वरच्या मजल्यावरच्या पाटीलबाईंच्या न्हाणीघराचे पाणी माझ्या ओट्यावर झिरपत असे. मी त्यांनाच विचारले. त्या लगेच तयार झाल्या. माझ्याकडे किती पैसे आहेत ते आता कळणार, या आनंदातच त्या आल्या असाव्यात, असा माझा संशय आहे. मी बँकेतला तो कागद ताईंपुढे ठेवला. पंधरा वर्षांची विमा योजना, हप्ता भक्कम. ताईंनी तो कागद मला न देता पाटीलबाईंना दिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या खुर्चीनं सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. विचारा."

पाटीलबाईंनी कागद उलटसुलट केला, माझ्याकडे आपादमस्तक पाहिले आणि विचारले, "पंधरा वर्षं? पण ह्या तोवर टिकणार का?"

मला राग यायला हवा होता. मी कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा खो खो हसले. तो कागद तिथेच निकालात निघाला.

ताईंची शिकवण्याची पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती थोडी सांगायला हवी, कारण त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या बँकेतल्या कामगिरीवर लिहिणारे बरेच जण आहेत. नवखा माणूस येतो आणि विचारतो, "ताई, पैसा कशात घालू?" ताई उलट विचारतात, "तो परत कधी लागणार आहे?" वर्षा-दोन वर्षांत लागणारा पैसा त्या बचत खाते आणि मुदत ठेवीपलीकडे जाऊ देत नाहीत, मग शेअर बाजार कितीही उड्या मारो. मुलीच्या शिक्षणासारखे चार-पाच वर्षांवरचे काही असेल तर पोस्टाच्या योजना आणि ठेवी. ज्याला दहा-पंधरा वर्षे हात लावायचा नाही, त्यासाठीच पीपीएफ आणि म्युच्युअल फंड, तेही दर महिन्याला थोडे थोडे. विमा आणि गुंतवणूक एका ताटात वाढून घ्यायची नाही. सोने हौसेला, थोडेसे आधाराला. अमुकच फंड घ्या, असे त्या कधीही सांगत नाहीत. ते सांगायला परवाना असलेली माणसे आहेत, त्यांच्याकडे जा, पण काय विचारायचे ते इथून घेऊन जा, असे त्या म्हणतात. आणि सगळे ठरल्यावर दुसऱ्या खुर्चीने एक प्रश्न विचारलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक आहे: "आणि हे नाही केलं तर?" या एका प्रश्नाने बरेच फ्लॅट, बऱ्याच योजना आणि निदान एक तरी पेट्रोल पंप लोकांच्या डोक्यातून उतरलेला मी पाहिला आहे.

ताईंच्या धीराचा एक प्रसंग सांगते, मी माझा नंबर यायची वाट बघत बसले होते तेव्हाचा. गव्हाणचे बाळारामशेठ सपत्नीक आले होते. सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेला, आणि त्या सगळ्या पैशातून त्यांना पुन्हा जमीनच घ्यायची होती, पार पेणच्या पलीकडे. आपल्या भागात ही चूक घरोघरी होते. जमीन गेली की जमिनीनेच ती भरून निघेल असे वाटते. ताई ठेवींचे आणि फंडांचे सांगू लागल्या, तशी बाळारामशेठांनी मान हलवली.

"मॅडम, जमीन डोल्यांनी दिसते. तुमचा ह्यो फंड कुठं हाय? आमाला काय दिसत नाय."

"दिसत होती, खरंय," ताई म्हणाल्या. "पण शेठ, सातबाऱ्यावर नावं किती होती? तुकडा विकायला सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता तुमच्या आईचं ऑपरेशन लांबलं, हे तुम्हीच मला मघाशी सांगितलंत. डॉक्टरला काय गुंठा देणार होतात?"

ताईंनी दुसऱ्या खुर्चीकडे पाहिले. शेठच्या पत्नी आल्यापासून पदराशी चाळा करत बसल्या होत्या. ताई पाहत राहिल्या, घाई केली नाही. अखेर त्या बाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, मी आजारी परले त यातलं पैसं कवा मिलतील?"

शेठ म्हणाले, "ही आजवर बोलली नाय कदी असं." त्यानंतर मोबदल्याचा मोठा भाग त्या बाईंच्याही नावाने ठेवीत गेला, थोडा लांबच्या मुदतीसाठी बाजूला पडला, आणि जमीन घेतली ती छोटीशी, हौसेपुरती. पुढे बाळारामशेठ भलामोठा जिताडा घेऊन ताईंच्या दारात उभे राहिले. फी नको म्हणणाऱ्या ताईंनी जिताडा मात्र मुकाट्याने घेतला. "आशाताई, मासा ही फी नव्हे," असे सांगून त्यांनी मला जेवायला बोलावले. दोन बायका आणि तो मासा. आम्ही दोन्ही वेळा खाल्ला, तरी उरला. ताटे पुसताना ताई म्हणाल्या, "एवढा मासा संपवायला घर पाहिजे." मी हसण्यावारी नेले. त्याही हसल्या.

एव्हाना पाटीलबाई मुलाकडे रोडपालीला राहायला गेल्या होत्या. ओट्यावरचे पाणी थांबले, आणि भांडायलाही कोणी उरले नाही. मी ताईंना हे सांगितले तेव्हा माझ्या ठेवींवर नॉमिनी म्हणून कुणाचे नाव घालायचे ते चालले होते. रकाना रिकामा होता आणि मी पेन हातात धरून नुसती बसले होते. ताईंनी समजूत घातली नाही, उठून चहा ठेवला. मग म्हणाल्या, "सध्या भावाचं घाला. नाव बदलता येतं. माणसं मागाहूनही येतात." आणि त्याच दमात म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून इथे या. एकटी येणारी माणसं मी परत पाठवते, ते मलाही बरं वाटत नाही. त्यांच्या शेजारी तुम्ही बसा."

तेव्हापासून मी दुसरी खुर्ची. पनवेलच्या पंचक्रोशीतली किती एकटी माणसे माझ्या शेजारी बसून गेली, त्याची मोजदाद नाही. त्यांचे प्रश्न विचारता विचारता मला माझा आठवडा सापडला. सोमवार ते शनिवार हे रविवारकडे जाण्याचे दिवस झाले. ताईंचे माझ्यावरचे उपकार कोणते, असे कुणी विचारले तर एवढेच सांगेन.

आता या वर्षीचे सांगते, आणि हा लेख मी लिहायला का घेतला तेही. मागच्या महिन्यात, रविवार नसताना, ताईंनी मला ऑफिसात बोलावले. मी पोचले तर त्या टेबलाच्या अलीकडे, लोक बसतात त्या खुर्चीत बसलेल्या. "आज मी विचारायला आलेय," त्या म्हणाल्या, "बसा शेजारी." पुण्याच्या भाच्याने कर्जतच्या पुढे ज्येष्ठांसाठीची एक वसाहत पाहून ठेवली होती. जेवण, डॉक्टर, सोबत, सगळे तिथेच. त्यासाठी ताईंनी इथला फ्लॅट विकून मोठी अनामत भरायची आणि पनवेल सोडायचे. मला टेबलापलीकडची रिकामी खुर्ची दिसत होती. तिच्याकडे पाहत आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो.

दुसऱ्या खुर्चीने सल्ला द्यायचा नसतो. म्हणून मी विचारत गेले. नाही रुचले तर अनामत परत किती मिळते? हाताशी काय उरते? दरमहाचा आकार कोण वाढवणार, आणि तुमच्या ठेवींच्या व्याजात तो बसतो का? अंथरुणाला खिळलात तर ठेवतात की घरी पाठवतात? ताईंनी सगळ्याचा विचार केलेला होता, उत्तरे चोख होती. उरला तो शेवटचा प्रश्न. तो मला विचारायचा नव्हता, आणि विचारायचाही होता, कारण ताई म्हणतील "काही बिघडणार नाही", अशी मला वेडी आशा होती.

"आणि हे नाही केलं तर, ताई?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पडले होते. दाराला आतून कडी. दूधवाल्यानं बेल वाजवली तोवर तशीच पडून होते. पण ते सोडा. पडण्याचं काही नाही. नाही केलं तर, आशाताई, मी सोमवारपासून रविवारची वाट बघत बसते. आता नाही बघवत."

मी त्यांच्यापासून एका रिक्षाच्या अंतरावर राहते. मला हे माहीत नव्हते. शहाणपणाची शिदोरी बांधून लोकांना वाटेला लावणाऱ्या या बाईंच्या शेजारी कोण बसते, हे आम्हा एवढ्या शिष्यांपैकी कुणाच्याही मनात आले नाही. मीही सोमवारपासून रविवारची वाट बघते, हे मी त्या क्षणी सांगितले असते तर कदाचित त्या थांबल्या असत्या. ते वाक्य माझ्या ओठांवर होते. पण मग तो सल्ला झाला असता, आणि तोही माझ्या सोयीचा.

मी म्हटले, "मग जा, ताई."

जागा पाहायला आम्ही दोघी गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघून विचारले, "या तुमच्या बहीण का?" ताई म्हणाल्या, "नाही. माझ्या दुसऱ्या खुर्चीतल्या." त्यांना काही उमगले नाही. ते हसले आणि आम्हाला भोजनगृह दाखवायला घेऊन गेले. तिथे लांबच लांब टेबलांवर माणसे जेवत होती. ताई दारातच थांबून त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मला पटले की आमचा हिशेब बरोबर होता.

पंचाहत्तरीच्या समारंभानंतर ताई जातील. रविवारचे काम मी चालू ठेवावे, असे त्यांनी सांगितले आहे. पलीकडच्या खुर्चीत बसण्याची माझी योग्यता नाही, पण एकट्या येणाऱ्याला मी परत पाठवणार नाही. टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी येऊन बसेन, मग सल्ला कोण देईल ते पाहू.

निर्मलाताई, आपल्याला उदंड आयुष्य लाभावे. गुडघे साथ देत राहोत, नजर व्याजदर वाचण्याइतकी लखलखीत राहो, आणि त्या लांब टेबलावर आपल्या दोन्ही बाजूंना कायम माणसे असोत. शंभरी आपण पाहाल आणि तोवर दर रविवारी मला फोन कराल, हे मी मनाशी पक्के धरून चालले आहे. आपल्याच दंडकाप्रमाणे आता मी शेवटचा प्रश्न विचारायला हवा. या एका वेळी, ताई, तो मी विचारणार नाही.