चंद्रामागचं गणित

इनास गेल्याचं मला शाळेत कळलं. त्याचा भाऊ वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "मास्तर, इनास गेला. ताप उतरलाच नाय." आणि मी... फळ्यावरचं गणित पुरं केलं. आज महिन्याभरानं हे लिहिताना त्याची लाज वाटते.

उमेळ्यात आमच्या वाड्या शेजारी-शेजारी. इनास माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गावात गणितात नाव माझं. तो मॅट्रिकला त्याच विषयात दोनदा नापास. शेवटी मीच शिकवून त्याला पास केलं. पुढे तो मुंबईत एका विमा कचेरीत लागला. तिथं हँडल फिरवून आकडेमोड करायचं यंत्र होतं, त्यानं त्याला वेड लावलं. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की त्या यंत्राच्या गोष्टी ऐकायला मुलं त्याच्याभोवती जमत. माझ्या वर्गात जांभया देणारीच मुलं! मला ते बघवत नसे.

गेल्या ऑक्टोबरात रशियाचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला, तेव्हा इनास मुलांना म्हणाला, "एक दिवस मानूसही जाईल. पन त्याच्यासंगती गणकयंत्रही जायला पायजे."

"कशाला?" मी मध्येच बोललो. "गणित इथं करून वर कळवता येईल की."

"मास्तर, यान चंद्रामागं गेल्यावर इथला निरोप पोचंल कसा? गणित तिथंच करावं लागंल."

"विजेवरचं गणकयंत्र खोलीएवढं असतं, ते यानात मावणार कुठं?"

"भिंतीवरचं घड्याळ मनगटावर आलंच ना?"

मुलं हसली. खरं सांगायचं तर, हे मला सुचायला हवं होतं.

नाताळाआधी त्यानं यावर लेख लिहिला आणि मासिकाकडे धाडण्यापूर्वी मला तपासायला दिला. मी एका बैठकीत वाचला. चुका दोनच, त्याही किरकोळ. तरी दोन महिने ठेवून घेतला आणि परत देताना म्हटलं, "चुकाच चुका आहेत. हसं करून घेऊ नकोस." कुठल्या, ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. "बरं झालं, तुमाला दाखवलं," एवढंच म्हणाला. लेख घरातच राहिला... आणि थोड्याच दिवसांत तो तापानं अंथरुणाला खिळला.

परवा चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा झाली, ती आटपून त्याच्या घरी गेलो. पडवीत माझ्याच वर्गातली साबीना खडूनं जमिनीवर आकडे मांडत होती. यानाला चंद्रापर्यंत किती तास लागतील, हे दोन लहानग्यांना समजावत होती. मला पाहताच ती थबकली. गेल्यावरही मुलं त्याचीच! 

"चुकलं का, सर?"

मी तिच्याशेजारी खाली बसलो. "इथं हातचा राहिला," आकड्यावर बोट ठेवून म्हणालो. "बाकी सगळं बरोबर आहे. पुढं सांग."