एकट्याने नेता येईल असा डोंगा

आमच्या रामाकोन्यात पुंडलिकरावांचा मासेमारीचा डोंगा ही चेष्टेची गोष्ट होती. जाड प्लास्टिकचे दोन लांब पाइप, त्यांची तोंडं बंद केलेली, वर सागाच्या फळ्या ठोकलेल्या. तलावावर न्यायचा तर दोन माणसं लागत. पुढचं टोक पुंडलिकराव धरत, मागचं देवकाबाई. नवरा-बायको असं ओझं घेऊन निघाली की आम्ही शेजारी हसायचो आणि बाई आमच्यावर डोळे वटारायच्या. गळाला लागलेली रोहू मात्र अर्धी आमच्या घरी यायची.

गेल्या दिवाळीनंतर भूपेंद्रला, म्हणजे त्यांच्या मुलाला, नागपुरात मुलगी झाली. सून नोकरीवर परतली आणि देवकाबाई नात सांभाळायला गेल्या त्या गेल्याच. डोंगा गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिला.

पुंडलिकरावांना कमी ऐकू येतं. फोन स्पीकरवर, त्यामुळे त्यांचा संसार सगळ्या गल्लीला पाठ. रोजचं पालुपद एकच, डोंगा एकट्याने उचलवत नाही, तू ये. करमत नाही असं म्हणायला या माणसाची जीभ रेटत नव्हती. आमच्याकडे बायकोला असं कोणी सांगतही नाही. जेवणाचं, गुरांचं, नाहीतर डोंग्याचं निमित्त काढावं लागतं. बाईही ओळखून होत्या. म्हणायच्या, "येतो ना. मागचं टोक कोण धरन?"

मग या शहाण्याने रिकामपणी डोकं चालवलं. जड फळ्या काढून बांबूची हलकी ताटी बांधली. सौसरच्या भंगारवाल्याकडून सायकलीची दोन चाकं आणून मागच्या टोकाखाली बसवली, पुढे दांडा लावून तो लुनाला अडकवला. काम झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू. एकटेच तलावावर जाऊन आले आणि हरखून बायकोला फोन लावला. चाकं, दांडा, सगळं सांगितलं.

देवकाबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. माही काळजी मिटली. आता पोरगी चालाले लागेपर्यंत मी इथंच राहतो."

फोन ठेवून ते ओट्यावर बसून राहिले. मला त्यांचा मनापासून राग आला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्या दिवशी त्यांच्या घरात कुकरची शिटी वाजली नाही.

सकाळी त्यांनी पाना घेऊन चाकं सोडवली आणि डोंगा उचलवत नाही म्हणून फोन केला. चाकं मोडली का, बाईंनी विचारलं.

"नाई मोडली. म्या काढून टाकली." जरा थांबून ते म्हणाले, "करमत नाई मले, भूपेंद्रची माय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"लावून घ्या चाकं," त्या म्हणाल्या. "मले तरी कुठं करमते? पण हिले सोडून कशी येऊ?"